आप्पांची लोड टेस्ट

जगातलं कुठलंही यंत्र दोनच कारणांनी अडतं, असं आप्पांचं ठाम मत होतं. एक तर आत वजन जास्त झालेलं असतं, नाहीतर दार नीट लागलेलं नसतं. पस्तीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि तिसरं कारण त्यांना कधी भेटलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर हेच ज्ञान त्यांनी मिक्सरला, गीझरला, समोरच्यांच्या स्कूटरला आणि एकदा तर समोरच्यांच्या बसलेल्या घशालाही लावून पाहिलं होतं. घसा चार दिवसांनी आपोआप सुटला. त्याचं श्रेयही आप्पांनी सोडलं नाही.

त्यामुळे सूनबाईचा लॅपटॉप हळू चालतोय म्हटल्यावर त्यांनी आधी सोपं कारण तपासलं. झाकण चारदा उघडलं, चारदा लावलं, बिजागरीला कान लावून ऐकलं.

"दार ठीक आहे," ते म्हणाले. "म्हणजे वजन."

एरवी सूनबाई हसली असती. आज हसली नाही. ती एका कंपनीसाठी लोकांची स्वयंपाकघरं आखायची. कुठे ओटा, कुठे कपाट, कुठे बेसिन, सगळं लॅपटॉपवर काढायची आणि व्हिडिओ कॉलवर गिऱ्हाइकाला ते चारी बाजूंनी फिरवून दाखवायची. फिरवायची वेळ आली की लॅपटॉप धापा टाकायचा. महिन्याभरात दोन कॉल असे मधेच अडकले होते. दुसऱ्या वेळी तर एक गृहस्थ वीस मिनिटं अर्ध्या बेसिनकडे बघत बसले होते. त्यानंतर शोरूममधल्या मॅडमनी फोन करून स्वच्छ सांगितलं होतं, की आता तिसऱ्यांदा अडकला तर घरून काम बंद. रोज शोरूमला येऊन बसायचं.

शोरूम शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. दोन बस बदलून जायला दोन तास, यायला दोन तास.

सूनबाईला त्या चार तासांची चिंता होती. आप्पांना उरलेल्या दिवसाची होती. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा आठला बाहेर पडायचा तो सातला उगवायचा. मधले अकरा तास घरात ही दोनच माणसं. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला ती लॅपटॉप घेऊन, दुसऱ्या टोकाला हे पेपर घेऊन. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण ती अधूनमधून लॅपटॉपला "आता काय झालं रे बाबा तुला?" असं विचारायची आणि आप्पांना तेवढ्याने घरात कोणीतरी आहे असं वाटायचं. रिकाम्या घरात पेपर वाचायची त्यांना चक्क भीती वाटत होती. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती, आणि सांगणारही नव्हते.

आज चार वाजता दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांचं स्वयंपाकघर दाखवायचं होतं. त्याआधी सूनबाईला एका घरी मापं घ्यायला जायचं होतं. चपला घालता घालता ती थांबली.

"आप्पा, बघायचं तर बघा तुम्ही. पण काहीही डिलीट करू नका. एवढं एक वचन द्या."

"पोरी, पस्तीस वर्षांत लिफ्टमधल्या माणसाची पिशवीसुद्धा मी बाहेर टाकलेली नाही," आप्पा म्हणाले. "आपण फक्त म्हणायचं, जरा बाहेर उभे राहता का."

मग तिने तीन बटणं एकदम दाबून एक यादी उघडून दिली. लॅपटॉपमध्ये कोण कोण चालू आहे आणि कोण किती मेमरी अडवून बसलंय, ते त्या यादीत दिसत होतं. वर मोठ्या आकड्यात लिहिलं होतं, चौऱ्याण्णव टक्के.

"चौऱ्याण्णव?" आप्पा म्हणाले. "अशी लिफ्ट मी तळमजल्यावरून हलू दिली नसती."

ती गेल्यावर आप्पांनी कामाला हात घातला. कानावर पेन्सिल खोचली, उकडत होतं म्हणून शर्ट काढून खुर्चीला अडकवला आणि बनियनवर बसले. लॉगबुक हवंच, म्हणून किराण्याची वही उलटीकडून सुरू केली. तारीख, वेळ. तक्रार: 'गाडी वर चढत नाही.' मग एकेकाचं नाव आणि पुढे त्याचं वजन. एकाहत्तर प्रवासी निघाले. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं आप्पांना वाचता आली नाहीत. ज्याचं नाव वाचता येत नाही त्याला उतरवायचं नाही, हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला, आणि त्या दिवशी त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेवढंच.

ओळखीचे मात्र पटापट उतरले. कोणी ऐकत नसताना चालू असलेली गाणी गेली. हवामान सांगणारी एक चौकट होती. हवामान खिडकीतून दिसत होतं, तीही गेली. मग नळ निघाले. सूनबाईने वेगवेगळ्या दुकानांचे एक्केचाळीस नळ एकेका पानावर उघडून ठेवले होते. नुसती पानं बंद केली तर तिचे नळ हरवतील, आणि हरवणं म्हणजे डिलीट झाल्यासारखंच. म्हणून आप्पांनी प्रत्येक पानाचा वरचा लांबलचक पत्ता वहीत उतरवायला घेतला, लहान अक्षर लहान, मोठं अक्षर मोठं, तिरक्या रेघेसकट. पहिल्या नळाला चार मिनिटं लागली. नवव्या नळानंतर त्यांची बोटं आखडली, तेव्हा त्यांनी खाली लिहिलं, 'व इतर बत्तीस नळ', आणि सगळे बंद केले.

आकडा एक्कावन्नवर आला. आतल्या पंख्याची घरघर थांबली. आप्पांनी डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर उघडून फिरवून पाहिलं. ते असं काही गर्रकन फिरलं की आप्पांनी कौतुकाने आणखी चारदा फिरवलं.

इथे दुसरा कोणी असता तर हात झटकून उठला असता. आप्पाही अर्धे उठले होते. पण दुरुस्त केलेली लिफ्ट लोड टेस्ट केल्याशिवाय लोकांच्या ताब्यात द्यायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं होतं. आत वाळूची पोती भरायची, क्षमतेच्या सव्वापट. मग लिफ्ट खालीवर करून बघायची. सव्वापट पेललं तर रोजचं वजन ती आरामात पेलणार. टेस्ट न करता निघून जाणाऱ्या मेकॅनिकांबद्दल आप्पांचं मत इतकं वाईट होतं की ते चारचौघांत बोलून दाखवत नसत.

सव्वापट म्हणजे नेमकं किती, हे मात्र कळेना. लॅपटॉपवर कुठे 'इतक्या व्यक्ती, इतके किलो' अशी पाटी नव्हती. तेव्हा आप्पांनी, होती नव्हती तेवढी सगळी पोती भरायचं ठरवलं. सूनबाईच्या फोल्डरमध्ये सदतीस स्वयंपाकघरं होती. त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.

अकराव्यापर्यंत लॅपटॉप शहाण्यासारखा वागला. बाराव्याला पंखा घरघरला. एकोणिसाव्याला पडद्यावरचा बाण गोल गोल फिरायला लागला आणि मग फिरायचाही थांबला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. शहरातल्या कितीतरी लिफ्टबाहेर 'बटण एकदाच दाबावे' अशा पाट्या आहेत, त्यातल्या निम्म्या आप्पांनी स्वतःच्या हाताने रंगवलेल्या आहेत. दहादा दाबल्याने लिफ्ट दहापट वेगाने येत नाही, हे त्यांनी वकिलांना सुनावलं होतं, डॉक्टरांना सुनावलं होतं, एकदा एका न्यायाधीशांनाही सुनावलं होतं. त्याच आप्पांनी आता बटण एकदा दाबलं. काही झालं नाही. दोनदा दाबलं. मग जरा जोरात दाबलं. मग आजूबाजूला जे जे दिसेल ते दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवं बटण होतं. हिरवं म्हणजे चालू, म्हणून त्याच्यावर जास्त भर दिला. एकूण किती वेळा दाबलं असेल, असं नंतर विचारल्यावर ते आधी 'तीनचार' म्हणाले आणि मग 'चाळीस असेल'.

लॅपटॉप त्यातला एकही दाब विसरला नव्हता. दोन मिनिटांनी त्याला श्वास फुटला आणि त्याने सगळ्या चाळीस हुकमांची एकदम अंमलबजावणी केली. खिडक्या उघडल्या, मिटल्या, एकमेकींवर चढल्या. आणि ते हिरवं बटण 'चालू कामं' नावाच्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावायचं निघालं.

पडद्यावर एकेक करत नऊ चौकोन उमटले. ज्यांची स्वयंपाकघरं सध्या बनत होती ती सगळी माणसं, आणि वरच्या कोपऱ्यात शोरूमच्या मॅडम. दहावा चौकोन आप्पांचा होता. त्यात बनियन होतं आणि कानावर पेन्सिल होती.

"चारचा कॉल होता ना?" डॉक्टरीणबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत म्हणाल्या. "माझ्या खुर्चीत पेशंट आहे."

"आणि मला का लावलाय?" हे ड्रायव्हिंग स्कूलवाले. ते गाडी कडेला लावून आत बसले होते.

तेवढ्यात सगळ्यांच्या पडद्यावर स्वयंपाकघरं दिसायला लागली. चाळीसपैकी कुठल्यातरी दाबाने आप्पांनी आपला पडदा सगळ्यांना दाखवायला काढला होता, आणि त्यांनी उघडलेली ती एकोणीस पोती एकामागून एक वर येत होती.

"अगंबाई, हे तर माझं," शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई म्हणाल्या. "निळी कपाटं. कोपऱ्यात फिरती फळी."

"तुमचं कसं?" ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले. "ते माझं आहे."

"माझं आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, असं दुसऱ्या कोणाकडे नाही."

"मलाही त्या हेच म्हणाल्या होत्या."

"हा कॉल कोणी लावलाय?" मॅडमचा आवाज चढला. "आधी बंद करा. ते लाल बटण दाबा."

लाल बटण आप्पांना दिसत होतं. चांगलं ठसठशीत होतं. पण लिफ्टमधलं लाल बटण त्यांना माहीत होतं. ते दाबलं की लिफ्ट असेल तिथे थबकते आणि आतली माणसं दोन मजल्यांच्या मधे लटकतात. पस्तीस वर्षांत माणसं आत असताना त्यांनी लाल बटणाला हात लावला नव्हता. त्यांनी हात मागे घेतला. त्याच क्षणी लॅपटॉपने पुन्हा मान टाकली. नऊही चौकोन जागच्या जागी थिजले. मॅडमचं तोंड उघडं राहिलं. आवाज मात्र येत राहिले, एकात एक मिसळलेले, चिडलेले.

हा तिसरा कॉल होता, आणि तो आप्पांनीच अडकवला होता. पण समोर बंद दार आणि दाराआडून येणारे चिडलेले आवाज, ही गोष्ट त्यांना जगातल्या कुठल्याही माणसापेक्षा जास्त ओळखीची होती. त्यांचा आवाज आपोआप खाली आला.

"घाबरू नका," ते म्हणाले. "मी इथेच उभा आहे. आत किती जण आहात?"

मग बाईंनी वर्गातल्या सवयीने मोजलं. "नऊ चौकोन. आणि एका चौकोनात दोघं आहेत."

"कोणाला दम लागतो का? चक्कर? लहान मूल?"

"मूल आहे," त्या चौकोनातल्या नवऱ्याने सांगितलं. "झोपलंय."

"झोपू द्या. आता कोणी काही ओढू नका, दाबू नका. मी दाबलं त्याचं काय झालं, ते तुम्ही बघतच आहात."

कोणीतरी हसलं. आप्पांना ते ऐकून बरं वाटलं. अडकलेल्या माणसांमध्ये पहिला हसणारा सापडला की निम्मं काम झालं, असा त्यांचा अनुभव होता.

"काका, मी तर कॉलमधून कधीही बाहेर पडू शकतो," ड्रायव्हिंग स्कूलवाले म्हणाले.

"पडा की. पण मग निळ्या कपाटांचं काय ठरलं ते तुम्हाला कसं कळणार?"

ते पडले नाहीत. कोणीच पडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पेशंटला कापूस चावून बसायला सांगितल्याचं सगळ्यांनी ऐकलं.

अडकलेल्या माणसाला दोन गोष्टींनी धीर येतो, हे आप्पांना पाठ होतं. कधी सुटणार ते सांगायचं नाही, कारण ते खोटं ठरतं. आपण काय करतोय ते सांगत राहायचं. "आता मी एकेक स्वयंपाकघर उतरवतोय. पहिलं उतरतंय. हळू आहे, पण उतरतंय." आणि मधल्या वेळात माणसाला बोलू द्यायचं. बोलायला सगळ्यांकडे भरपूर होतं. मूलवाल्या जोडप्याच्या घरी तीन महिन्यांत एक फळी लागली नव्हती, ते गॅस हॉलमध्ये ठेवून सोफ्याशेजारी स्वयंपाक करत होते. आप्पांनी मधे तोंड घातलं नाही. "सोफ्याशेजारी?" एवढंच विचारलं आणि त्यांना सगळं सांगू दिलं. सांगून झाल्यावर त्या नवऱ्याचा आवाज आपोआप उतरला.

"बाई, तुमची उंची किती?" आप्पांनी मधेच विचारलं. निळं स्वयंपाकघर पडद्यावर समोरच थिजलं होतं आणि ते त्याचे आकडे वाचत होते.

"पाच फूट. का?"

"आणि गाडीतल्या साहेबांची?"

"सहा."

"वरची फळी दोघांना एकाच उंचीवर दिलेली दिसतेय. बाई, तुमचा हात काही पोचायचा नाही तिथे."

"खरंच नाही पोचणार," त्या म्हणाल्या. "आणि मी मेली निळ्या रंगावरून भांडत बसले."

"फळी खाली घेता येईल," थिजलेल्या उघड्या तोंडातून मॅडमचा आवाज आला. बराच नरम होता.

चौदावं स्वयंपाकघर उतरत असताना दारात किल्ली फिरली. सूनबाई आत आली ती तिथेच उभी राहिली. टेबलाशी बनियनवर बसलेले सासरे, पडद्यावर तिची सगळी गिऱ्हाइकं, मधोमध मॅडम. तिने मापाची टेप खाली ठेवली, दोन पावलं पुढे आली, "नमस्कार, चार वाजता भेटू," असं पडद्याला म्हणाली आणि लाल बटण दाबलं. लॅपटॉपने जरा विचार केला आणि चौकोन नाहीसे झाले.

"आप्पा, या बटणाने काय होतं माहितीये?"

"माणसं अडकतात."

"सुटतात," सूनबाई म्हणाली.

मग आप्पांनी तिला सगळं सांगितलं, न लपवता, चाळीस दाबांसकट. वही पुढे केली. "डिलीट काही केलेलं नाही. वचन पाळलंय." तिने पानं उलटली. नऊ नळांचे पत्ते वाचले. 'व इतर बत्तीस नळ' या ओळीवर तिची नजर थांबली, ओठ हलल्यासारखे झाले, मग तिने वही मिटली. रागावली असती तर आप्पांना सोसलं असतं. ती फक्त म्हणाली, "तिसऱ्यांदा अडकला, आप्पा," आणि लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करायला बसली.

चारचा कॉल सुरळीत झाला. डॉक्टरीणबाईंचं स्वयंपाकघर गर्रकन फिरलं. आप्पा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर, शर्ट घालून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे बसून होते.

पाचला मॅडमचा फोन आला. सूनबाई "हो मॅडम, हो मॅडम" एवढंच म्हणत होती. आप्पा बाहेर आले आणि त्यांनी हात पुढे केला. सूनबाईने मान हलवून नको म्हटलं. त्यांनी हात मागे घेतला नाही. शेवटी तिने फोन दिला.

"मॅडम, मी सासरा बोलतोय. बनियनवाला. तुम्ही पोरीला रोज तिकडे बोलावू नका. दोन तास जायचे, दोन तास यायचे, दमून जाईल ती. आणि खरं सांगू का, ती गेली की घरात मी एकटा उरतो. मला ते जमत नाही. सगळी चूक माझी आहे. जी काय शिक्षा असेल ती मला द्या."

सूनबाई त्यांच्याकडे बघत राहिली. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

"काका, त्या लॅपटॉपचं आज मी डोळ्यांनी पाहिलं," मॅडम म्हणाल्या. "मला वाटायचं, ही घरकामात गुंतते आणि लॅपटॉपचं नाव सांगते. लॅपटॉप आमचाच आहे, मेमरी कमी आहे त्याला. उद्या माणूस येऊन वाढवून देईल. त्याला एकट्याला काम करू द्या. ती घरूनच काम करेल."

आप्पांचा जीव भांड्यात पडला. "फार उपकार झाले. आणि शिक्षेचं काही..."

"ती आहेच. आमच्याकडे ज्यांचं काम रखडलंय ती माणसं येऊन आरडाओरडा करतात. आज तुम्ही दहा माणसं अर्धा तास अडकवून ठेवलीत आणि जाताना सगळी हसत होती. माझ्या माणसांना हे जमत नाही. सोमवारपासून शोरूमला या. दहा ते सहा."

"एखाद्या दिवशी?" आप्पांनी क्षीण आवाजात विचारलं.

"रोज," मॅडम म्हणाल्या. "आणि शर्ट घालून."

फोन बंद झाला. आप्पा टेबलाच्या आपल्या टोकाला जाऊन बसले. दोन बस, दोन तास जायचे, दोन तास यायचे. समोरच्या टोकाला सूनबाई बसली होती, आता कायमची घरी बसलेली. तिचे डोळे भरलेले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "डबा किती वाजता लागेल?"